अंड्याच्या पांढऱ्याची पावडर नेदरलँड्सहून मागवायची आहे, परवाने कोणते लागतील?

वेंगुर्ल्याची_बेकर

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्यात घरूनच बेकरीचं काम करते. आमच्याकडे काजूला तोटा नाही, म्हणून तुतिकोरिनला मिळतात तसे काजूचे मॅकरून करायला घेतले. काजूची भरड, साखर आणि अंड्याचं पांढरं, बाकी काही नाही. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत मागणी चांगली असते. मुंबईकर परत जाताना आंब्याच्या पेटीबरोबर एकदोन डबे हमखास नेतात.

अडचण अंड्यांची आहे. इथे अंडी घाटावरून येतात. ट्रे दुकानात पोचून आपल्या हाती पडेपर्यंत बरेच दिवस गेलेले असतात. जुन्या अंड्याचं पांढरं पाण्यासारखं पातळ होतं, फेटलं तरी फेस उभा राहत नाही, आणि भट्टीत मॅकरून पसरून चपटे होतात. शिवाय दर ट्रेमागे तीस बलक उरतात. थोडे शेजारी जातात, थोड्यांचं कस्टर्ड करते, तरी वाया जातातच. अन्न टाकायला जीव होत नाही.

माझा मामेभाऊ नेदरलँड्समध्ये असतो. त्याने तिथल्या एका कारखान्याची पांढऱ्याची पावडर आणून दिली होती. फेस इतका घट्ट आला की भांडं उलटं केलं तरी हलेना. त्या कारखान्याची पिशवी २५ किलोची असते. त्यांच्या विक्रेत्याशी बोलले तेव्हा तो म्हणाला, परवान्यांच्या भानगडीत कशाला पडता, पाच-पाच किलो कुरिअरने पाठवतो, वर ‘बेकिंग पावडरचा नमुना’ लिहितो. मला हे पटलं नाही. मी नाही म्हणून सांगितलं.

माझ्याकडे एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, छोट्या व्यवसायाची नोंदणी आहे. आयात-निर्यात कोड नाही. मला एवढं कळायला हवं आहे:

पावडर रीतसर आणायची तर कोणकोणत्या खात्यांची परवानगी लागते? माझी नोंदणी पुरेल का? चिपीचा विमानतळ जवळ आहे, गोव्यातला मोपाही मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, मग विमानाने माल तिथे उतरवता येईल का? आणि एका पिशवीसाठी हे सगळं करणं परवडतं का?

ज्यांनी स्वतः हे काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

चिपळूणची_खारी

ताई, आमची बेकरी आहे. आम्ही बाहेरून थेट काही मागवत नाही, पण माझ्या माहितीप्रमाणे पॅन कार्डावर आयात-निर्यात कोड काढायचा, परदेश व्यापार खात्याच्या (डीजीएफटी) साइटवर ५०० रुपये फी आहे. आणि एफएसएसएआयचं आयातदाराचं लायसन्स घ्यायचं. ते झालं की कस्टम्समधून माल सोडवणारा क्लिअरिंग एजंट बाकीचं बघतो. मॅकरूनचा फोटो टाका ना.

उरणचा_क्लिअरिंगवाला

ताई, त्या कुरिअरच्या बोलण्याला नाही म्हणालात ते फार चांगलं केलंत. का ते पुढे सांगतो.

मी उरणचा. न्हावा शेवा बंदरात कस्टम्स क्लिअरिंगचं काम करतो, खाण्याच्या मालाच्या फायली रोज हातात असतात. चिपळूणच्या दादांनी सांगितलंय ते बरोबर आहे, पण त्यातलं मुख्य खातंच राहिलं. अंडं दोन खात्यांतून जातं. अन्नसुरक्षा हे दुसरं. पहिलं आहे केंद्राचं पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय खातं, आणि माल अडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

कायदा १८९८ सालचा, पशुधन आयात कायदा. मुळात तो जिवंत जनावरांपुरता होता. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि जनावरांपासून मिळणारे पदार्थही त्यात आले. व्याख्येत मांस आहे, दूध आहे, आणि ‘अंडी व अंड्याची पावडर’ हेही नाव घेऊन लिहिलेलं आहे. त्यामुळे ‘ही तर वाळवलेली पावडर आहे, कच्चं अंडं थोडंच आहे’ असं म्हणून सुटका होत नाही. असं म्हणणारे बरेच येतात.

या कायद्याखाली सॅनिटरी इम्पोर्ट परमिट घ्यावं लागतं. आमच्यात सगळे त्याला ‘सिप’ म्हणतात. अर्ज ऑनलाइन दिल्लीला जातो. माल काय, किती, कोणत्या देशातून, कोणत्या कारखान्यात बनला, कोणत्या बंदरात उतरणार, कशासाठी वापरणार, हे सगळं त्यात भरायचं. खातं त्या देशातली पक्ष्यांच्या रोगांची स्थिती बघतं आणि परमिट देताना अटी घालतं. त्यातली सगळ्यात महत्त्वाची अट पशुवैद्यकीय आरोग्य प्रमाणपत्राची. ते प्रमाणपत्र तिकडच्या सरकारी पशुवैद्याने सही-शिक्क्यासह द्यावं लागतं, आणि त्यातली वाक्यं भारताने ठरवून दिलेल्या नमुन्याशी जुळावी लागतात. कारखान्याच्या लेटरहेडवर मॅनेजरने लिहिलेलं ‘आमचा माल शुद्ध आहे’ इथे चालत नाही.

क्रम लक्षात ठेवा. परमिट आधी हातात, मग माल जहाजावर. एका आयातदाराने माल आधी मागवला आणि परमिटसाठी अर्ज नंतर केला. कंटेनर बंदरात उभा, रोजचं भाडं चालू, आणि शेवटी माल परत पाठवावा लागला. परत पाठवायचा किंवा नष्ट करायचा खर्चही आयातदाराचाच असतो. परमिटला मुदत असते, तीही तारीख बघून ठेवा. वाटेत जहाज रखडलं की मुदत टळते.

आता चिपी आणि मोपा. तिथे हा माल उतरवता येत नाही. पशुधनाचा माल फक्त ठरवून दिलेल्या ठिकाणी येऊ शकतो, जिथे पशु संगरोध (क्वारंटाइन) केंद्र आहे: दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद. तुम्हाला मुंबई. समुद्रमार्गे न्हावा शेवा, हवाईमार्गे सहार विमानतळ. म्हणजे माल आला तरी कोकणाच्या पार उत्तर टोकाला, आणि तिथून वेंगुर्ल्यापर्यंतचा टेम्पो तुमचा.

माल आला की बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचा मालाचा तपशील, भरायची. तिथे कस्टम्सच्या यादीतला मालाचा कोड टाकताना लोक फसतात. कवचातली अंडी ०४०७ मध्ये, बलक आणि आख्ख्या अंड्याची पावडर ०४०८ मध्ये. पण नुसतं पांढरं जातं ३५०२ मध्ये, अल्ब्युमिनच्या नावाखाली. त्या ३५व्या प्रकरणात सरस आहे, एन्झाइम आहेत, स्टार्चचे प्रकार आहेत. यादी बघून माणसाला वाटतं हे रसायन दिसतंय, पशुसंवर्धनाचा काय संबंध. कोड कुठलाही असो, वस्तू अंड्याची पावडरच आहे, आणि परमिट लागतंच.

एंट्री भरली की सिस्टीममधून फाईल संगरोध केंद्राकडे आणि एफएसएसएआयकडे दोन्हीकडे जाते. संगरोधवाले कागद तपासतात, माल बघतात, हवा तर नमुना घेतात. एफएसएसएआयचे अधिकारी आपला वेगळा नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. दोघांची ना हरकत मिळाली की कस्टम्स माल सोडतं. एकाची मिळाली आणि दुसऱ्याची राहिली तर माल जागेवरच.

एफएसएसएआयबद्दल: तुमची छोटी नोंदणी आयातीला चालत नाही. उलाढाल कितीही लहान असली तरी आयातदाराला केंद्रीय लायसन्स लागतं. २०१७च्या आयात नियमांत टिकण्याच्या मुदतीची अट आहे. माल सुटताना त्याच्या एकूण मुदतीतली ६० टक्के किंवा तीन महिने, यातलं जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक हवी. पांढऱ्याची पावडर २४ महिने टिकते असं धरलं तर ६० टक्के म्हणजे चौदा महिन्यांच्या वर होतात. तीन महिने त्याहून कमी, म्हणून तीन महिने पुरतात. उलट चार महिनेच टिकणारा पदार्थ असेल तर अडीच महिन्यांच्या आसपासचा हिशोब लागतो.

लेबलवर आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि लायसन्स नंबर, आणि मांसाहाराची खूण राहिली असेल तर गोदामातच स्टिकर लावून दुरुस्त करता येते. पण बॅच नंबर किंवा मुदत संपायची तारीख छापलेली नसेल तर माल नापास. अंडं आपल्या नियमांत मांसाहारात धरलंय, म्हणून तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण हवा. हा त्रिकोण तुमच्या मॅकरूनच्या डब्यावरही लागतो ताई, आणि ‘अंडं व काजू आहे’ ही ॲलर्जीची सूचनासुद्धा. नसेल तर तेवढं लगेच करा.

कुरिअरचं आता सांगतो. ‘नमुना’ लिहिलं म्हणून परमिट माफ होत नाही. आणि खोटं नाव लिहून माल आला तर १९६२च्या कस्टम्स कायद्याच्या कलम १११ खाली माल जप्त, ११२ खाली दंड. दंड मागवणाऱ्याला होतो. पाठवणारा तिकडे मोकळा राहतो, इथल्या पार्सलवर नाव तुमचं असतं.

परवडण्याचा हिशोब असा. एका अंड्यात पांढरं साधारण ३० ग्रॅम, त्यात पाणीच जवळजवळ ८८ टक्के. म्हणजे एका पांढऱ्याची पावडर जेमतेम ४ ग्रॅम. २५ किलोची एक पिशवी म्हणजे सहा हजारांच्या वर अंड्यांचं पांढरं, दोनशेहून जास्त ट्रे. एवढा तुमचा खप आहे का ते तुम्हीच बघा. परमिट, लायसन्स, एजंटची फी, तपासणी, टेम्पो हा खर्च एका पिशवीला आणि शंभर पिशव्यांना फारसा वेगळा येत नाही. म्हणून माझं मत सरळ आहे: एका पिशवीसाठी थेट आयात करू नका. परमिट असलेल्या आयातदाराकडून किंवा आपल्याच देशातल्या कारखान्याकडून घ्या.

वेंगुर्ल्याची_बेकर

दादा, खूप खूप आभार. इतकं नीट कोणी समजावून सांगितलं नव्हतं. ३५०२चं तर मला कधीच कळलं नसतं. त्रिकोणाचं आजच करते. माझ्या डब्यावर अजून जुना गोल आहे.

दोनशे ट्रे मात्र माझे वर्षभरातही होणार नाहीत.

एक मनापासून विचारते. पावडर तर भट्टीत भाजली जाणार. मॅकरून तासभर मंद आचेवर वाळतात. मग एका वाळवलेल्या पिशवीचा सरकारला एवढा धसका का? हा नुसता कागदांचा खेळ आहे, की खरंच काही धोका आहे?

कुडाळचा_पशुवैद्य

ताई, हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून लिहायला बसलो. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यातून निवृत्त झालोय, सिंधुदुर्गातल्या वाड्या-वाड्यांतून कोंबड्यांना लस टोचत फिरलोय.

धोका खरा आहे, आणि तो तुमच्या मॅकरून खाणाऱ्याला फारसा नाही. ७० अंशांवर नीट शिजलेल्या अन्नात बर्ड फ्लूचा विषाणू तगत नाही. धोका आहे तो तुमच्या शेजारणीच्या खुराड्याला. पिशवी फोडताना सांडलेली पावडर, धुतलेल्या भांड्याचं पाणी, परड्यात फेकलेलं पोतं, आणि त्यावर चोच मारणारी कोंबडी. आपल्याकडे प्रत्येक घरामागे चार-सहा गावठी कोंबड्या असतात, दिवसभर मोकळ्या चरतात, कावळे त्यांच्याच ताटात उतरतात. मोठ्या फार्मला जाळी असते, निर्जंतुकीकरण असतं. वाडीत यातलं काही नसतं. म्हणून विषाणूला देशाच्या वेशीवरच थांबवायचं, असा हा कायदा आहे.

तुमचा माल नेदरलँड्सचा आहे म्हणून सांगतो. तिथे २००३ साली बर्ड फ्लूच्या एच७एन७ जातीची साथ आली होती. तीन कोटींच्या आसपास पक्षी मारावे लागले आणि एक पशुवैद्य त्या संसर्गाने दगावला. इतक्या शिस्तीच्या देशात ही अवस्था. आपल्या महाराष्ट्रात पहिला घाव २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबारमधल्या नवापूरला बसला. देशातली ती पहिलीच नोंद. त्यानंतर कित्येक महिने लोक अंडं हातात धरायला घाबरत होते, आणि रोगाशी काही संबंध नसलेले पोल्ट्रीवाले कर्जात गेले. २०२१च्या जानेवारीत दापोलीत मेलेल्या कावळ्यांचे नमुने पॉझिटिव्ह आले. २०२५च्या जानेवारीत उरण तालुक्यातल्या चिरनेरला कोंबड्यांत रोग निघाला. उरणच्या दादांना ते जवळून आठवत असेल.

निघाला की काय होतं ते सांगतो. नमुना भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जातो. तिथून रोग पक्का झाला की एक किलोमीटरच्या परिघातले सगळे पक्षी मारायचे, दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवायची. ‘सगळे’ म्हणजे आजारीही आणि ठणठणीतही. कोणाच्या अंगणात जाऊन तिची अंड्यावर बसलेली कोंबडी उचलायची, आणि तिला सांगायचं की ही निरोगी असली तरी न्यावी लागेल. सरकार भरपाई देतं, पण ती बाई पैशासाठी रडत नसते. ज्याने हे काम जवळून पाहिलंय तो परमिटला कागदांचा खेळ म्हणणार नाही.

आता तुमच्या पावडरीबद्दल. रीतसर बनलेली पावडर सुरक्षित असते, आणि कशामुळे असते तेही ठरलेलं आहे. जागतिक पशुआरोग्य संघटनेने विषाणू मारायला किती उष्णता किती वेळ द्यायची याचे आकडे दिलेत. पातळ आख्ख्या अंड्याला ६० अंशांवर १८८ सेकंद. पांढऱ्याची गोष्ट मात्र अवघड आहे. पांढरं साठीच्या आसपास गोठायला लागतं, त्यामुळे पातळ असताना त्याला जास्त तापवता येत नाही. म्हणून ते आधी वाळवतात आणि मग कोरडी पावडर गरम खोलीत तासन्‌तास ठेवतात, ६७ अंशांवर २० तास. हे खरोखर केलंय की नाही, हे पावडरकडे बघून कोणालाच कळत नाही. रंग तोच, वास तोच. कळायचा एकच मार्ग, तिकडच्या सरकारी पशुवैद्याची सही. कुरिअरच्या पाकिटावर ती नसते.

नियम कधी कधी गरजेपेक्षा जास्त कडक होते हेही खरं आहे. कमी तीव्रतेचा बर्ड फ्लू कळवणाऱ्या देशांचाही माल आपण बंद ठेवायचो. त्यावर अमेरिका २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेली आणि २०१५ मध्ये अंतिम निकाल आपल्या विरोधात लागला. आख्ख्या देशावर बंदी घालण्याऐवजी रोग असलेला भाग आणि नसलेला भाग वेगळा धरा, असं त्याचं सार. मला तो निकाल योग्य वाटतो. शास्त्राला धरून असलेला नियमच लोक मनापासून पाळतात.

देवगडचा_पोल्ट्रीवाला

डॉक्टरसाहेब, विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. बाहेरून उबवणीची अंडी मागवता येतील का? इंटरनेटवर ब्रह्मा आणि सिल्की जातीची फलित अंडी विकायला असतात. इन्क्युबेटर माझ्याकडे आहे. पर्यटकांना दाखवायला चांगले पक्षी होतील.

कुडाळचा_पशुवैद्य

देवगडकर, तो विचार सोडा असंच सांगेन. पावडर तापवलेली असते, उबवणीचं अंडं जिवंत असतं. त्याला तापवून निर्जंतुक करताच येत नाही, आणि काही रोग कोंबडीकडून अंड्यातूनच पिल्लात उतरतात. असा माल मोठ्या ब्रीडिंग कंपन्या आणि लस बनवणाऱ्या संस्था आणतात. त्यांना कळपाचा पूर्ण आरोग्य-इतिहास, चाचण्या, संगरोध हे सगळं करावं लागतं. एका माणसाने पार्सलने मागवायची ही वस्तू नाही.

पर्यटकांना दाखवायला कडकनाथ ठेवा. काळी चोच, काळी कातडी, काळं मांस, लोक थांबून बघतात. अंड्यांसाठी वनराज किंवा ग्रामप्रिया घ्या, दोन्ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातल्या पालनासाठीच तयार केल्यात. पिल्लांची चौकशी गोरेगावच्या आरे वसाहतीतल्या केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेत करा, किंवा आपल्या तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना भेटा. आणि आणलीत की लासोटाची लस चुकवू नका, कोंबड्यांचा राणीखेत रोग आपल्याकडे दरवर्षी फिरतो.

शिरोड्याचो_झिल

गो बाय, मी शिरोड्याचो. तुझ्या बलकांचा माका सांगूचा आसा. गोव्यात बिबिंका (थराथराचो गोड केक) करणाऱ्यांक उलटी अडचण. तेंका बलक होये आणि पांढरा उरता. एकेका बिबिंकाक बलक बरेच लागतत, नाताळाच्या टायमाक तर ढीगभर. माझी बहीण म्हापशाक दिली हा, तिच्या शेजारच्या घरात ह्योच धंदो. तू बलक तेंका दी, पांढरा तू घे. फोडल्यार लगेच झाकणाच्या डब्यात भरून बर्फात ठेवूचा आणि त्याच दिसा वापरूचा. तेंचो खप मोठो, म्हणान तेंच्याकडे अंडी ताजी येतत.

उरणचा_क्लिअरिंगवाला

शिरोडकरांची कल्पना मला आवडली. दोन्हीकडची नासाडी वाचते. फक्त ताई, ते पांढरं कच्चं आणि न तापवलेलं असेल, पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जंतूचा विचार करा. पूर्ण भाजल्या जाणाऱ्या मॅकरूनलाच वापरा, वरून लावायच्या कच्च्या आयसिंगला नको.

डॉक्टर म्हणतात ते चिरनेर आमच्या घरापासून लांब नाही. त्या आठवड्यात बाजारात चिकनची दुकानं ओस पडली होती. माझ्या मावशीच्या कोंबड्या त्या परिघाच्या बाहेर होत्या म्हणून वाचल्या. तेव्हापासून संगरोधची फाईल उशिरा निघाली तरी मी तक्रार करत नाही.

वेंगुर्ल्याची_बेकर

डॉक्टर, तुमचं वाचून गलबललं. आमच्या मागच्या परड्यात सासूबाईंच्या कोंबड्या आहेत. नेदरलँड्सचा विषय माझ्यापुरता संपला, मामेभावालाही कळवलं की पुन्हा सामानातून आणू नकोस.

शिरोड्याच्या भावा, म्हापशाचा पत्ता मेसेज कर. नाताळाच्या आधी जाऊन भेटते.

आणि आपल्या देशातलीच पावडर घ्यायचं ठरवलंय. एका कारखान्याशी बोलले, ते एक किलोची पाकिटंही देतात. आता घेताना त्यांना नेमकं काय विचारू? पावसाळ्यात इथे मीठसुद्धा पाणी सोडतं, पावडरीचं काय करू?

उरणचा_क्लिअरिंगवाला

आपल्या देशात आंध्र, तेलंगण आणि तामिळनाडूच्या नामक्कल भागात अंड्याचं उत्पादन प्रचंड आहे, आणि आपली अंडी आखातात जातात, पावडरही परदेशात जाते. निर्यात करणारा कारखाना निवडलात तर त्याची तपासणी परदेशी खरेदीदाराच्या नजरेतूनही झालेली असते.

विचारायचं हे. पहिलं, पाकिटावरच्या बॅच नंबरचंच विश्लेषण प्रमाणपत्र (प्रयोगशाळेच्या तपासणीचा दाखला) मागा, जुन्या बॅचचं नको. त्यात २५ ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला नसल्याचं स्पष्ट लिहिलेलं हवं. दुसरं, पांढऱ्यातलं ग्लुकोज काढलेलं आहे का ते विचारा. पांढऱ्यात मुळातच थोडं ग्लुकोज असतं, ते न काढता वाळवलं तर पावडर साठवणीत तपकिरी पडते आणि वास धरते. तुमचे मॅकरून पांढरेशुभ्र हवेत, म्हणजे तुम्हाला हे महत्त्वाचं. तिसरं, फेसासाठीची जात मागा. काही कारखाने जेलीसारखी घट्ट होणारी वेगळी जात करतात, ती नूडल्स आणि मांसाच्या पदार्थांत वापरतात, तुमच्या उपयोगाची नाही.

पावसाळ्यासाठी: एक किलोचंच पाकीट घ्या आणि फोडल्यावर लगेच शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्या करून सील करा. मोठ्या डब्यातून रोज चमचा घातलात तर आठवड्यात गठ्ठे होतील. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर पुडी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत दव धरतं. भिजवताना एक भाग पावडर, सात भाग साधं पाणी. गरम पाणी नको. वरून पावडर भुरभुरत ढवळा, अर्धा तास झाकून ठेवा, मग फेटा. भांड्याला तुपा-तेलाचा हात लागलेला नको, बलकाचा थेंबही नको.

शिरोड्याचो_झिल

पत्तो मेसेज केलंय. जातलंस तेव्हा सकाळीच जा, दुपारी तेंची भट्टी चालू आसता.